सात अठ्ठेचाळीसचा डबा

निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली, पण ही बातमी माझ्या शरीराला अजून कुणी सांगितलेली नाही. पहाटे 4.50 ला डोळे टक्क उघडतात. 5.05 ला पाणी भरायचं, 5.20 ला आंघोळ, 5.45 ला चहा, 6.00 ला कणीक, 6.20 ला कुकर, 6.35 ला पहिली पोळी तव्यावर. 7.10 ला साडी नेसून तयार आणि 7.31 ला चपला घालून दाराशी. एकतीस वर्षं मी 7.31 ला दाराबाहेर पडत आले, कारण टिळकनगरातल्या आमच्या घरापासून स्टेशनचा जिना अकरा मिनिटांवर. तिथून प्लॅटफॉर्म दोन मिनिटं आणि उरलेली चार मिनिटं पदर खोचायला, पर्स पोटाशी घ्यायला आणि मन घट्ट करायला. 7.48 ची फास्ट.

आता 7.31 ला दाराशी जाते, चपला काढते आणि बाल्कनीत येऊन उभी राहते. खाली लोक पळत असतात. कोण आज चुकवणार, कोणाला मिळणार, हे मला वरून चालीवरून कळतं. 7.48 च्या सुमारास लांबून भोंगा ऐकू आला की जीव भांड्यात पडतो. शेजारच्या खुर्चीत आमचे हे पेपर वाचत असतात. पेपरातून मान वर न काढता विचारतात, "बसायला मिळालं का?"

लेकीचा प्रकार उलटा. तिचं ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवार आणि गुरुवार. बाकीचे दिवस ती खोलीचं दार लावून लॅपटॉपशी इंग्रजीत भांडते. ऑफिसच्या दिवशी ती 7.20 पर्यंत गाढ झोपेत असते आणि 7.48 ला गाडीत असते. मधल्या अठ्ठावीस मिनिटांत काय घडतं, ते डोळ्यांनी बघूनही मला सांगता येणार नाही. एकदा केसांना लावायचा चाप तोंडात धरून ती जिना उतरली होती आणि पायजमा-जीन्स ह्यांपैकी नेमकं काय घातलं होतं ते तिला ठाण्याला कळलं.

तर त्या मंगळवारी सिलिंडर संपला.

सिलिंडर नेहमी पोळ्यांच्या मध्यावरच संपतो. रात्री भांडी घासून झाल्यावर, ओटा पुसल्यावर, निवांतपणे संपलेला सिलिंडर कुणी पाहिला असेल तर मला कळवावं. चौथी पोळी अर्धी फुगली आणि तशीच बसली. नवा सिलिंडर बाल्कनीतून ओढत आणणं मी एकटी सहा मिनिटांत करते. पण त्या दिवशी आवाज ऐकून हे मदतीला आले. ह्यांनी मदत केली की सहाची वीस मिनिटं होतात, कारण मदतीच्या आधी माहिती असते. आधी रबरी रिंग आत आहे का ते बघायचं, मग रेग्युलेटर बसवायचा, मग साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचं. सगळं बरोबर, नियमाप्रमाणे. पण साबणाच्या पाण्याची वाटी शोधेपर्यंत 6.58 झाले. गॅस पेटला तेव्हा मी दूध आणि भाजी एकदमच चढवली, आणि बुडबुडे सिलिंडरवर नाही आले ते दुधावर आले. ओटा, शेगडी, लादी. एकदा दूध उतू गेलं की ते किती लिटर असतं हे पिशवीवर लिहिलेल्या आकड्यावर अवलंबून राहत नाही.

लादी पुसून मी वर पाहिलं तर 7.26. मी अजून गाऊनमध्ये. 7.10 ची साडी राहिली होती. एकतीस अधिक तीन, अशा चौतीस वर्षांत पहिल्यांदा. डबा भरला, झाकण लावलं, ओट्यावर ठेवला आणि हात धुवायला वळले, तेवढ्यात लेक "जाते गं" म्हणून गेलीसुद्धा. डबा ओट्यावरच.

इथे एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. डोंबिवलीत गाऊनवर ओढणी घेतली की तो गाऊन राहत नाही, पोशाख होतो. त्या पोशाखात दूध, कोथिंबीर, इस्त्रीवाला आणि फार तर कोपऱ्यावरचा रिक्षास्टँड इथपर्यंत बाई उजळ माथ्याने जाऊ शकते. हद्द ठरलेली आहे. माझा गाऊन जांभळा, त्यावर ताटाएवढी पिवळी सूर्यफुलं. लेकीची लाल बांधणीची ओढणी खुंटीवरून ओढली, डबा उचलला आणि धावले. मनात हेच, की कोपऱ्यावर गाठीन. कोपऱ्यावर ती नव्हती. मग पुढच्या चौकात गाठीन. तिथेही नव्हती. पुढे माझ्या पायांनी माझा सल्ला घेणं बंद केलं. त्यांना रस्ता पाठ होता.

प्लॅटफॉर्मवर पोचले तर गाडी शिरतच होती. लेडीजच्या डब्याच्या जागी बायकांची नेहमीची भिंत, आणि तिच्यात मला लेकीची पाठ दिसली. मी डबा उंच धरून हाक मारली. ती वळली. "आई, तू?" एवढं तिने म्हटल्याचं मला आठवतं.

ज्यांनी सकाळची डोंबिवली पाहिली नाही त्यांचा असा समज असतो की लोकलमध्ये आपण चढतो. तसं नसतं. दाराच्या तीन फुटांच्या आत तुम्ही आलात की निर्णय मागच्यांचा. कुणीतरी पाठीत खांदा लावला, कुणीतरी "चला काकू, आत चला, आत सगळं रिकामंय" असं ओरडलं (आत कधीच रिकामं नसतं, तरी हे वाक्य शंभर वर्षं ओरडलं जात असावं), आणि माझे पाय जमिनीवरून सुटले ते डब्यातच टेकले. गाडी हलली. दोन डोक्यांच्या मधल्या फटीतून मी बाहेर पाहिलं. आई आली म्हणून बाजूला सरकलेली माझी लेक प्लॅटफॉर्मवर उभी होती आणि तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होती. तिच्या गाडीत मी, माझ्या हातात तिचा डबा.

पास नाही, तिकीट नाही, पर्स नाही, फोन नाही. एकतीस वर्षांत माझा पास एकदाच, एका दिवसाने संपलेला निघाला होता, तेव्हा टी.सी.ने न बघताही मला रात्री ताप भरला होता. आता ठाण्यापर्यंत थांबा नाही. ठाण्याला कोणत्या बाजूला उतरायचं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, पण ती बाजू आणि मी ह्यांच्यामध्ये अंदाजे चाळीस बायका होत्या. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली तेव्हा चौदा डब्यांत चारशे पाहुणे होते म्हणतात. त्या चारशे जणांना आमच्या लेडीजच्या एका अर्ध्या डब्यात बसवून वर चार जणींना "आत चला" म्हणता येईल.

आजूबाजूला सगळ्या तरुण मुली, कानांत बोंडं खुपसलेली. एकीनेही माझ्या सूर्यफुलांकडे पाहिलं नाही. लोकलमध्ये तुम्ही मुंडावळ्या बांधून चढलात तरी लोक एवढंच विचारतात, "कुठे उतरणार?" मी जरा सावरते आहे, तोच खिडकीकडून आवाज आला.

"ए डोंबिवली!"

ह्या नावाने मला अठरा वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.

आमच्या 7.48 च्या ग्रुपमध्ये तीन स्मिता होत्या. एक ठाण्याला उतरणारी, एक भायखळ्याची आणि मी. म्हणून मी "डोंबिवली" झाले. हाक मारणारी नंदा, कल्याणची. 1993 पासूनची ओळख. ट्रेनच्या मैत्रीत माणसाची सगळी माहिती असते, फक्त पत्ता आणि आडनाव नसतं. नंदाच्या सासूबाईंचा रक्तदाब किती, नणंदेच्या लग्नात मानपानावरून कोण रुसलं, फणसाच्या भाजीला ती तेल किती घालते, हे मला माहीत होतं. ती कल्याणला नेमकी कुठे राहते हे विचारायचं मात्र बारा वर्षांत राहून गेलं. आम्ही गाडीत मटार सोलले, मेथी निवडली, भिशी लावली, दोघींची डोहाळजेवणं केली, दसऱ्याला गाडीला झेंडूची तोरणं बांधली. आणि आमच्या दोघींचा एक करार होता. कल्याणकरांना बसायला मिळतं आणि डोंबिवलीकरांना मिळत नाही, हा ह्या मार्गावरचा जुना अन्याय. तेव्हा ठाण्यापर्यंत नंदा बसेल, ठाणं आलं की ती उठेल आणि मी बसेन. खिडकीपासून तिसरी सीट. बारा-तेरा वर्षं ह्यात एका मिनिटाची चूक झाली नाही.

मग 26 जुलै 2005. मंगळवारच होता तो. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला हे नंतर पेपरातून कळलं. आम्हाला एवढंच कळत होतं, की परतीची गाडी कुर्ल्याच्या अलीकडे थांबली आहे, दिवे गेले आहेत आणि पाणी पायरीला लागलं आहे. सबंध रात्र आम्ही डब्यात काढली. नंदाच्या डब्यात सकाळची सात कडबोळी उरली होती. तिने ती अकरा जणींत वाटली, आणि वाटणी अशी काटेकोर, की रेशनच्या दुकानात नोकरी करावी. उजाडल्यावर रुळांवरून चालत निघालो. कुठे गुडघा, कुठे कंबर. निघताना तिने तो रिकामा कडीचा डबा पुढे केला. त्यात दोघींची मंगळसूत्रं, घड्याळं, पास आणि शंभराच्या दोन नोटा घातल्या, कडी लावली आणि मी उंच म्हणून डबा माझ्या डोक्यावर. चालताना ती सारखी मागून ओरडत होती, "माझं सौभाग्य तुझ्या डोक्यावर आहे, खड्डा बघून चाल!"

मंगळसूत्र, घड्याळ मी पुढच्या आठवड्यात परत केलं. डबा राहिला. रिकामा कसा द्यायचा? आधी वाटलं नारळाच्या वड्या करून देऊ. मग गणपती आले. मग म्हटलं, दिवाळीचा फराळच भरून देते. दिवाळीत चकल्या बिघडल्या. असं करता करता दोन वर्षं गेली आणि 2007 उजाडलं.

ज्या बाईबरोबर ती रात्र काढली तिच्याशी मी वीतभर लाकडी बाकावरून भांडले, हे सांगायला आता लाज वाटते. पण झालं ते असं. एक दिवस ठाणं आलं, नंदा उठली आणि तिने माझ्याऐवजी एका मुलीला बसवलं. मुलगी सहाव्या महिन्यातली. आता मी काय तिला उठवणार होते? मी स्वतःच तिला बसवलं असतं. पण मला विचारायचं! माझी सीट होती ती, करार होता. मी तसं म्हटलं. नंदा म्हणाली, "सीट रेल्वेची आहे." मी म्हटलं, "मग तू रेल्वेशीच बोल."

तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. 1916 चा बोगदा, सव्वा किलोमीटरहून लांब. आत शिरलं की कानठळ्या बसायच्या, त्यामुळे डब्यातली भांडणं बोगद्याच्या तोंडाशी थांबवायची आणि पलीकडे निघाल्यावर पुढे चालू करायची अशी पद्धत होती. बहुतेक भांडणं त्या दीड-दोन मिनिटांत मरायची, कुणाला शेवटचा शब्दच आठवायचा नाही. आमचं भांडण ठाण्यानंतर लागलं. पुढे बोगदा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी डबा बदलला. गाडी तीच, 7.48, पण मधला लेडीज सोडून मी पुढच्या लेडीजमध्ये चढू लागले. व्हीटीला उतरल्यावर ती समोरून येताना दिसली की मी वाकून चपलेचा पट्टा लावायचे. अशी काही वर्षं मी चपलेचा पट्टा लावला. बिनपट्ट्याच्या चपलेचासुद्धा. मग कधीतरी ती दिसेनाशी झाली. बदली झाली असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि सरळ चालायला लागले.

तर, "ए डोंबिवली!" मी वळले. खिडकीपासून तिसऱ्या सीटवर नंदा. केस सगळे पांढरे, चष्मा जाड, आवाज तोच. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गाऊनवर ओढणी घ्यायची अक्कल राहिलीय म्हणजे अजून हाताबाहेर गेलेली नाहीस," ती म्हणाली. "घरातून पळून आलीस का?"

खरं सांगते, मला सगळ्यात आधी काय आठवलं असेल तर हातातला डबा. तोच डबा. लेकीला त्याच्याशिवाय दुसरा चालत नाही, आमटी नेली तरी थेंब सांडत नाही म्हणून. झाकणावर टिंबाटिंबांत कोरलेलं, 'चि. सौ. कां. सुनंदा हिस मामाकडून सप्रेम भेट, मे 1985'. मी डबा ओढणीखाली ढकलला. त्यामुळे मी स्वतःच सहाव्या महिन्यातली दिसायला लागले, आणि शेजारच्या मुलीने कानातलं बोंड काढून माझ्याकडे काळजीने पाहिलं.

ठाणं आलं. मी दाराकडे सरकायला लागले तशी नंदाने माझी ओढणी धरली. "ह्या अवताराने, बिनतिकिटाची, ठाण्याला उतरून काय करणार? बस." आणि ती उठली. ठाणं आलं म्हणून. मी बसले. दोघीही त्यावर काही बोललो नाही. मुलुंड जाईपर्यंत मी समोरच्या बाईच्या बॅगेवरची चेन मोजत होते.

मग तिने आपला फोन काढून दिला. "घरी कळव."

ह्यांचा नंबर मला पाठ आहे, कारण ह्यांना तो पाठ नाही. चार रिंगांनंतर ह्यांनी उचलला.

"अहो, मी बोलतेय."

"मी कोण?"

"मी! अहो, मी गाडीत आहे. ठाण्याच्या पुढे आलेय. माझ्याकडे फोन नाही, पैसे नाहीत..."

पलीकडे शांतता. मग हे कौतुकाने म्हणाले, "वा! आवाज अगदी हुबेहूब काढलाय."

गेले सहा महिने हे सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक इशारा टाकतात. यंत्राने नातेवाइकाचा आवाज काढतात, अडचणीत सापडलोय म्हणतात आणि पैसे उकळतात. अनोळखी नंबर, घाबरा आवाज, पैशाचा उल्लेख, ही तीन लक्षणं ह्यांनी फ्रिजवर चिकटवलेली आहेत. मी तिन्ही पुरवली होती.

"अहो, खरंच मी आहे!"

"माझी पत्नी ह्या क्षणी बाल्कनीत उभी आहे. 7.31 पासून."

"मग बघा ना बाल्कनीत जाऊन!"

"मला जागेवरून हलवण्याचा हा डाव आहे," हे म्हणाले. "ठीक आहे. एक प्रश्न विचारतो. आमच्या लग्नात जेवणाच्या पंगती किती उठल्या?"

"चार," मी म्हणाले.

"पाच," हे विजयाने म्हणाले. "पाचवी वाढप्यांची." आणि फोन ठेवला.

एव्हाना आमच्या बाजूच्या सगळ्या मुलींनी बोंडं काढून ठेवली होती. हा पंगतींचा वाद आमच्याकडे अडतीस वर्षं चालू आहे, त्यात मी कधी हरले नव्हते. ती वेळ भर गाडीत यायची होती. समोरची एक मुलगी धीर देत म्हणाली, "काकू, वाढप्यांची पंगत मोजत नाहीत." नंदा मात्र दांडी धरून इतकी हसत होती, की तिचा चष्मा एका अनोळखी बाईच्या पिशवीत पडला, तो दादरला सापडला.

मी नोकरीला लागले तेव्हा त्या स्टेशनचं नाव व्हीटी होतं. 1996 ला सीएसटी झालं, 2017 ला सीएसएमटी. आम्ही अजून व्हीटीच म्हणतो. गाडी रिकामी झाल्यावर मी नंदाला विचारलं, "तू अजून नोकरीत?"

"छे. रिटायर होऊन पाच वर्षं झाली."

"मग ह्या गाडीने कुठे जातेस?"

"इथे."

"इथे कुठे?"

"इथेच," ती म्हणाली. "दर मंगळवारी येते. कल्याणहून बसायला मिळतंच. इथे उतरते, चहा घेते, वडापाव खाते, तासभर लोकांना धावताना बघते आणि उलट्या गाडीने घरी. पास अजून काढते. सुनेला सांगितलंय की योगवर्गाला जाते." थोडं थांबून म्हणाली, "तब्येत सुधारली म्हणते ती."

म्हणजे ही गाडी धरून बसली होती आणि मी वेळ. मी तिला माझी बाल्कनी सांगितली, 7.31 च्या चपला सांगितल्या. मला वाटलं, हसेल. पण तिने गंभीरपणे विचारलं, "मग मधल्या लेडीजमध्ये चढतेस का पुढच्या?" मी म्हटलं, "बाल्कनीतून डबा दिसत नाही."

पुढे दंडाचं प्रकरण झालं. नंदाचं म्हणणं, इथून परतीचं तिकीट काढू आणि गुपचूप जाऊ. माझ्याने ते होईना. मी थेट टी.सी.समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मी विनातिकीट आलेय." त्याने आधी सूर्यफुलं पाहिली, मग ओढणीखालचा फुगवटा, मग माझे पांढरे केस, आणि पावती पुस्तक खाली ठेवून विचारलं, "मावशी, कुणाबरोबर आलात? घरच्यांचा नंबर आहे का?" त्याने मला हरवलेल्या माणसांत धरलं होतं. मी हट्टाने 250 रुपये दंड आणि वर तिकीट भरलं, म्हणजे नंदाने भरलं. पावतीची घडी करून मी गाऊनच्या खिशात ठेवली. गाऊनला खिसा असतो हा त्याचा साडीवरचा मोठा विजय आहे, पण त्याबद्दल पुन्हा कधी.

मग ती मला बाहेर घेऊन गेली. रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभं केलं आणि म्हणाली, "आता वर बघ." फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलेली ही इमारत 1888 सालची. 2004 ला युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घातलं तेव्हा मी तिच्यातून रोज दोनदा धावत होते. एकतीस वर्षं! वर पाहिलं असतं तर बस चुकली असती. घुमटावर एक बाई उभी आहे, दगडी, हातात मशाल वर धरलेली, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. भिंतींतून मोर, माकडं आणि कसलेकसले प्राणी डोकावतात. एक तर इतका वैतागलेला दिसतो की त्याची 7.48 रोज चुकत असावी. एका फोटो काढणाऱ्या परदेशी पाहुणीने इमारत सोडून माझ्या गाऊनचा फोटो काढला. तिच्या गावी आता तो मराठी पारंपरिक वेश म्हणून दाखवला जात असेल.

परत आत येऊन बाकावर टेकलो. अकरा वाजत आले होते. नंदा म्हणाली, "पोटाशी लपवलेलं काढ आता. मला डोंबिवलीपासून दिसतंय."

मी डबा काढून मांडीवर ठेवला. झाकणाची बाजू खाली करून. तिने तो उचलला, फिरवला, चष्मा कपाळावर सरकवून अक्षरं वाचली. मामाचं नाव डब्यावर नाही, पण मामा बहुधा तिला आठवला असावा, कारण ती बराच वेळ काही बोलली नाही. मी तयारी केली होती. नारळाच्या वड्या, बिघडलेल्या चकल्या, लेकीची आमटी, सगळं एका दमात सांगणार होते. तिने कडी काढली. आत साडेतीन पोळ्या (अर्धी सिलिंडरची) आणि फरसबीची भाजी. तिने एक घास घेतला, चावला, आणि म्हणाली,

"मीठ विसरलीस."

चाखून बघितलं. खरंच विसरले होते. मी म्हटलं, "सिलिंडर संपला." ती म्हणाली, "बरं." आणि वडापावातली लाल चटणी भाजीवर भुरभुरवून आम्ही दोघींनी तो डबा संपवला. मी तो नळावर विसळून आणला आणि तिच्यापुढे धरला. "घे बाई. अठरा अधिक दोन, वीस वर्षं झाली."

तिने हात मागे घेतले. "रिकामा डबा मी घरी नेत नाही."

परतीच्या गाडीत दोघींना खिडकी मिळाली, समोरासमोर. मी आडनाव विचारलं, तिने सांगितलं; तिने माझं विचारलं, मी सांगितलं. वारा येत होता. तिला झोप लागली आणि डोंबिवली आली तेव्हाही ती घोरतच होती, म्हणून निरोप घ्यायचा राहिला. फडके रोडवरून भर दुपारी घरी जाताना ओळखीच्या चौघी भेटल्या. चौघींनीही विचारलं, "काय, दूध?" मी चौघींनाही हो म्हटलं. माझ्या हातात रिकामा डबा होताच.

घरी हे दारातच उभे. चेहरा पडलेला. लेकीने फोन करून "आई गाडीत गेली" असं सांगितलं होतं. पण तो फोन माझ्यानंतर आला. मधल्या सात मिनिटांत ह्यांनी कर्तव्य बजावलं होतं. मी काही विचारलं नाही. ह्यांनीही काही सांगितलं नाही. गुपचूप चहा टाकला, आणि मला कप देताना पुटपुटले, "पण पंगती पाचच."

संध्याकाळी फोन वाजला. नंदा.

"डोंबिवली, माझ्या नणंदेने मला एक निरोप पाठवलाय. तिला तिच्या विहीणबाईंनी पाठवला. वाचते, ऐक. 'सावधान! आज सकाळी डोंबिवलीतील एका ज्येष्ठ नागरिकास पत्नीच्या हुबेहूब आवाजात फोन. सदर महिला अत्यंत सराईत असून तिला लग्नातील पंगतींपर्यंत माहिती आहे. पुढील नंबर आल्यास उचलू नये.' आणि खाली माझा नंबर."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

"ऐकतेयस ना?" नंदा म्हणाली. "दुपारपासून माझा फोन कुणी घेत नाहीये. मंगळवारी ये तू. मधल्या लेडीजमध्ये. आणि डबा भरून आण."

"नारळाच्या वड्या?"

"काहीही आण," ती म्हणाली. "ह्यांना सिलिंडरला हात लावू देऊ नकोस म्हणजे झालं."